हीट पंपाचा सीओपी: पाटीवरचा आकडा आणि आपल्या गच्चीवरचा आकडा

हॉटेलं, वसतिगृहं, रुग्णालयं आणि आता पुण्या-नाशिककडच्या सोसायट्यांमध्येही आंघोळीचं पाणी तापवायला हीट पंप बसू लागले आहेत. विक्रेता बैठकीत एक आकडा सांगतो, ‘सीओपी चार’, म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट उष्णता, आणि त्यावर लाखांचा निर्णय होतो. हा आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे, आपल्या गच्चीवर पौष महिन्याच्या पहाटे तो किती उरेल, आणि तो तपासायचा कसा, हे मात्र बैठकीत कोणी विचारत नाही. ते विचारता यावं आणि स्वतः मोजता यावं, म्हणून हा लेख. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचंच आहे. सामान म्हणाल तर एक-दोन थर्मामीटर, एक बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि हीट पंपाच्या लाइनवर बसवलेलं विजेचं सबमीटर.

यंत्र नेमकं काय करतं

गिझरची कॉइल विजेची उष्णता करते. एक युनिट वीज घातली तर फार तर एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त मिळण्याचा मार्गच नाही. हीट पंप बाहेरच्या हवेत आधीच असलेली उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. वीज लागते ती या उचलण्यापुरती.

हे घडतं आत फिरणाऱ्या रेफ्रिजरंटमुळे, म्हणजे सहज उकळणाऱ्या एका द्रवामुळे. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, तो हवेपेक्षा बराच थंड असतो, म्हणून २५ अंशांची साधी हवाही त्याला उष्णता देऊ शकते. ती घेऊन तो उकळतो आणि त्याचा वायू होतो. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, तसा तो चांगलाच तापतो. मग पाण्याच्या बाजूच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून तो परत द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना पुन्हा थंड पडतो, आणि फेरा सुरू राहतो. घरातला फ्रिज हेच करतो, फक्त फ्रिजमध्ये आपल्याला थंड बाजू हवी असते आणि इथे गरम.

तळटाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा पंप आठवा. मजले जितके जास्त, तितकी दर लिटरमागे वीज जास्त. हीट पंपात मजल्यांच्या जागी तापमानातला फरक असतो. हवा जितकी थंड आणि पाणी जितकं जास्त गरम हवं, तितकी चढण मोठी. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो, त्यामुळे ‘या मशिनचा सीओपी किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती अंशांच्या हवेत, किती अंशांपर्यंत पाणी तापवताना’ हे त्याला जोडल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही.

मूळ सूत्र आणि ८६०

सीओपी म्हणजे पाण्याला मिळालेली उष्णता भागिले खर्च झालेली वीज. दोन्ही एकाच एककात घ्यायचं, की झालं.

वीज युनिटमध्ये, म्हणजे किलोवॉट-तासात, मीटरवर दिसते. उष्णतेसाठी एवढं लक्षात ठेवा: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून

उष्णता (युनिट) = लिटर × वाढलेले अंश ÷ ८६०

१०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं तर १०० × ३० = ३,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३.५ युनिट. गिझरला निदान एवढी वीज लागणारच. हीच उष्णता हीट पंपाने एका युनिटात दिली, तर त्याचा सीओपी ३.५.

पाटी आणि माहितीपत्रक वाचताना

मशिनच्या पाटीवर किलोवॉटचे दोन आकडे असतात: एक उष्णता देण्याची क्षमता, दुसरा विजेचा वापर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पाटीवरचा सीओपी मिळतो. काही विक्रेते क्षमता टनात किंवा बीटीयूमध्ये (उष्णतेचं ब्रिटिश एकक) सांगतात. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट किंवा ताशी १२,००० बीटीयू. ‘ताशी इतके लिटर’ असं लिहिलं असेल, तर किती अंशांच्या वाढीसाठी हे आधी विचारा. ताशी ३०० लिटर २० अंशांनी तापवणं आणि ४० अंशांनी तापवणं यात दुपटीचा फरक आहे, आणि माहितीपत्रकात लिटरचा आकडा मोठ्या टायपात असतो, अंशांचा बारीक.

त्या आकड्याखालची चाचणीची अट शोधा. अनेक माहितीपत्रकांत ती ‘हवा २० अंश, पाणी १५ वरून ५५’ अशी असते, काहींत हवा याहून गरम धरलेली असते. मे महिन्यातल्या हवेवर मोजलेला सीओपी डिसेंबरच्या गरजेला लावला, तर हिशोब पहिल्याच हिवाळ्यात कोसळतो. कोटेशन मागवताना हवेच्या तीन तापमानांना (१०, २० आणि ३० अंश) आणि आपल्याला हव्या त्या गरम पाण्याला सीओपी किती, हे लेखी घ्या. चांगल्या उत्पादकाकडे हा तक्ता तयार असतो. नसेल, तर मी दुसरं कोटेशन मागवेन.

सांगितलेला आकडा शक्यतेतला आहे का, हेही घरबसल्या पाहता येतं. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली उष्णतेच्या यंत्रांची कमाल मर्यादा कशी ठरते ते मांडलं. त्याच विचाराच्या आधारे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये यंत्र उलटं चालवून उष्णता मिळवण्याची कल्पना दिली. मर्यादेचं सूत्र असं:

कमाल सीओपी = गरम बाजूचं तापमान ÷ (गरम बाजू − थंड बाजू)

तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून घ्यायचं. इथे पाण्याचं आणि हवेचं तापमान घालू नका, रेफ्रिजरंटचं घाला. उष्णता वाहायला फरक लागतो, म्हणून ५५ अंशांचं पाणी हवं तर आत सुमारे ६० लागतात, आणि २५ अंशांच्या हवेतून उष्णता ओढायला बाहेरची कॉइल सुमारे १५ ला असावी लागते. मग ३३३ ÷ ४५ = ७.४. कॉम्प्रेसरचं घर्षण, पंखा वगैरे धरून चांगली यंत्रं यातलं साधारण निम्मं हातात देतात, म्हणजे ३.७ च्या आसपास. पुण्यातल्या थंडीत पहाटे हवा १० अंशांवर आली, तर कॉइल शून्याजवळ जाते: ३३३ ÷ ६० = ५.५५, त्याचं निम्मं २.८. याच पाण्यासाठी कोणी सहा-सातचा सीओपी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला चाचणीची अट दाखवायला सांगा.

टाकीची चाचणी

नवख्याने सुरुवात इथूनच करावी. समजा ३०० लिटरची इन्सुलेटेड टाकी आहे.

चाचणीसाठी अशी वेळ निवडा, की दोन-चार तास कोणी गरम पाणी वापरणार नाही. दुपार उत्तम. टाकीतला बॅकअप हीटर एमसीबीवरूनच बंद करा, कारण तो चालू राहिला तर तुम्ही गिझर मोजाल. टाकी थंड पाण्याने भरू द्या. मग कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त फिरता पंप (टाकीतलं पाणी फिरवणारा) दहा मिनिटं चालवा, म्हणजे पाणी एकसारखं होईल. हे टाळू नका. टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली असे थर बसतात, आणि डिस्प्लेवरचा आकडा सेन्सर जिथे आहे तेवढ्याच जागेचा असतो. वरच्या सेन्सरवर विसंबून काढलेला सीओपी हमखास फुगतो.

आता सॅम्पलिंगच्या नळातून बादलीत पाणी सोडा. पाइपमधलं साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, मग थर्मामीटर धारेत धरा आणि आकडा स्थिर झाला की लिहा: २४ अंश. सबमीटरचं रीडिंग दशांशासकट लिहा: ४१२७.३. हवेचं तापमान सावलीत, मशिनच्या मागच्या बाजूला, जिथून ते हवा आत ओढतं तिथे घ्या. पंख्यासमोर घेतलंत तर थंड झालेली हवा मोजली जाईल. मशिन चालू करा.

पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचून मशिन आपोआप बंद पडलं, की पुन्हा दहा मिनिटं पंप फिरवा आणि तेच सगळं पुन्हा लिहा. समजा पाणी ५४ अंश आणि मीटर ४१३०.२ आलं.

उष्णता: ३०० × ३० ÷ ८६० = १०.४७ युनिट. वीज: २.९ युनिट. सीओपी ३.६.

हीच चाचणी जानेवारीत पहाटे केली आणि पाणी १८ वरून ५४ अंशांवर जायला ४.३ युनिट लागले, तर ३०० × ३६ ÷ ८६० = १२.५६, आणि सीओपी २.९. मशिन तेच आहे, बिघाडही नाही. फक्त चढण वाढली. हिवाळ्यात पाणी जास्त अंशांनी तापवावं लागतं आणि दर अंशामागे वीजही जास्त जाते. असा दुहेरी फटका बसतो, म्हणून वर्षाचा अंदाज उन्हाळ्यातल्या एका चाचणीवर बांधू नये.

सबमीटरला एकच दशांश दिसत असेल, तर लहान टाकीवर चूक मोठी होते. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असं काही छापलेलं असतं. तितक्या वेळा दिवा लागला की एक युनिट. एका मिनिटात तो किती वेळा लागला ते मोजून त्याला ६० ने गुणा आणि ३२०० ने भागा, की त्या क्षणाचे किलोवॉट मिळतात. मिनिटाला ५३ वेळा लागला तर जवळपास १ किलोवॉट. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजलं तर चुकत नाही.

सबमीटर नाही आणि इलेक्ट्रिशियनकडे फक्त टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून अँपिअर मोजणारा) आहे, असंही होतं. तेव्हा व्होल्ट × अँपिअर एवढ्यावर थांबू नका, पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरी वीज आहे त्या आकड्याने, गुणा. २३० व्होल्ट, ५ अँपिअर आणि ०.९ पॉवर फॅक्टर असेल तर १,०३५ वॉट. पॉवर फॅक्टर सोडला तर १,१५० येतील आणि मशिन आहे त्याहून वाईट ठरेल. थ्री फेजला आणखी १.७३२ ने गुणायचं, आणि व्होल्टेज दोन फेजमधलं घ्यायचं. पण माझा आग्रह सबमीटरचाच. लाखांच्या यंत्रासमोर त्याचा खर्च किरकोळ आहे आणि तो रोज उपयोगी पडतो.

वाहत्या पाण्यावर मोजताना

मोठ्या टाकीचं पाणी पूर्ण थंड होण्याची वाट पाहणं जमत नसेल, तर मशिनमधून जाणाऱ्या पाण्यावर मोजता येतं. उष्णता (किलोवॉट) = ताशी लिटर × आत-बाहेरच्या तापमानातला फरक ÷ ८६०. ताशी २,००० लिटर आणि ५ अंशांचा फरक म्हणजे ११.६ किलोवॉट.

इथे थर्मामीटर घात करतात. टाकीच्या चाचणीत फरक ३० अंशांचा असतो, तिथे एक अंश चुकला तरी उत्तर ३ टक्क्यांनी हलतं. इथे फरक ५ अंशांचा, त्यात एक अंश चुकला की २० टक्के. म्हणून दोन्ही थर्मामीटर आधी एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा आणि नंतर तो वजा करा. प्रवाहासाठी पाइपावर पाण्याचं मीटर हवं. पंपाच्या पाटीवरचा प्रवाह धरू नका; प्रत्यक्ष पाइपात तो कमी असतो.

पूर्ण दिवसाचा हिशोब

सोसायटीने खरं तर हा आकडा पाहायला हवा, आणि तोच सहसा कोणी पाहत नाही. टाकीच्या चाचणीत यंत्र कळतं. रहिवाशांच्या नळाला पोचलेल्या प्रत्येक अंशासाठी किती वीज गेली, ते कळायला चोवीस तास मोजावं लागतं.

टाकीला थंड पाणी पुरवणाऱ्या पाइपवर पाण्याचं मीटर बसवा. जेवढं गरम पाणी बाहेर गेलं, तेवढंच थंड आत येतं, त्यामुळे हे मीटर थेट वापर दाखवतं. ठरलेल्या वेळी दोन्ही मीटरचं रीडिंग घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. विजेत फिरते पंप आणि बॅकअप हीटर धरा.

समजा १,५०० लिटर वापर झाला, पाणी सरासरी २८ अंशांनी तापलं होतं आणि वीज २० युनिट गेली. १,५०० × २८ ÷ ८६० = ४८.८; भागिले २० = २.४. टाकीवर ३.६ दिसलेला सीओपी इथे २.४ का? बहुतेक वेळा उत्तर पाइपात असतं. गरम पाणी नळाशी लगेच यावं म्हणून ते इमारतभर दिवसरात्र फिरवलं जातं, आणि शाफ्टमधल्या लांबलचक पाइपांतून उष्णता गळत राहते. दुपारी बारा ते चार आणि रात्री अकरा ते चार फिरता पंप टायमरने बंद ठेवला आणि पाइपांवरचं फाटलेलं इन्सुलेशन नीट केलं, तर नवं मशिन न घेताही हा आकडा वर येतो. दुसरा संशयित बॅकअप हीटर. तो चुकीच्या सेटिंगमुळे गुपचूप चालू राहतो आणि सीओपी १ कडे ओढत नेतो. मशिनच्या अॅपमधला सीओपी यातलं काहीच दाखवत नसेल, तर त्यावर निर्णय घेऊ नका.

गॅस, गिझर आणि हीट पंप

वरच्या ३०० लिटरच्या उदाहरणात हवी असलेली उष्णता साडेदहा युनिट. गिझरला तेवढी वीज, हीट पंपाला २.९ युनिट. एलपीजीच्या एका किलोत सुमारे १२.७ युनिट उष्णता असते, आणि गॅस गिझर ८० टक्के कामी लावतो असं धरलं तर एका किलोमागे १० युनिट पाण्यात जातात. म्हणजे साधारण एक किलो गॅस. आता आपल्या बिलातला युनिटचा दर आणि सिलिंडरचा किलोमागचा दर घालून तिन्ही आकडे शेजारी मांडा. बिलातला दर म्हणजे स्थिर आकार सोडून, पण वहन आकार आणि वीज शुल्क धरून. १० रुपये युनिट धरला तर गिझरचे १०५ रुपये आणि हीट पंपाचे २९.

धुराचाही हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे, कारण भारतातली बरीचशी वीज कोळशावर होते. एका युनिटमागे देशात सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो एलपीजी जाळल्यावर सुमारे ३ किलो. मग गिझर ७.३ किलो, गॅस ३ किलोच्या थोडा वर, हीट पंप २ किलो. हीट पंपाचा रोजचा सीओपी अडीचच्या खाली घसरला, तर धुराच्या बाबतीत तो गॅसच्या बरोबरीला येतो. दिवसाचा आकडा सांभाळण्याचं हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं.

एसीवरचा आणि परदेशातला आकडा

एसीही हीट पंपच आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकित लेबलवर ‘आयएसईईआर’ असतो: भारतीय हवामान आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून, एका युनिटमागे खोलीतून किती युनिट उष्णता बाहेर गेली ते. जुन्या किंवा अमेरिकी पत्रकात ईईआर १०-१२ असा दिसला तर तो बीटीयूमधला आहे, ३.४१२ ने भागा. पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या सीओपीशी आयएसईईआरची तुलना मात्र करू नये, कारण दोन्हींच्या चढणी वेगळ्या.

जर्मनी, ब्रिटन किंवा नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्यांना घर तापवण्याच्या पंपावर ‘ए७/डब्ल्यू३५’ असं दिसेल. म्हणजे हवा ७ अंश, हीटिंगचं पाणी ३५. खोल्यांच्या फरशीखालून पाइप फिरवलेल्या घरात ३५ अंश पुरतात. जुन्या रेडिएटरना ५५ लागले, तर तोच पंप बराच जास्त वीज खाईल. तिथे पूर्ण मोसमाचा ‘एससीओपी’ विचारा, आणि तोही तुमच्या घराला लागणाऱ्या पाण्याच्या तापमानासाठी.

आकडा कमी आला तर

आधी बाहेरची कॉइल बघा. धूळ, वाळकी पानं, कबुतरांची पिसं फिन्समध्ये (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांत) अडकली की हवा कमी जाते आणि कॉइल उगाच जास्त थंड पडते. मऊ ब्रश आणि कमी दाबाचं पाणी वापरा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स वाकतात. मशिन जिन्याखाली किंवा बंद खोलीत असेल, तर ते स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा ओढत बसतं. आत येणारी हवा गच्चीवरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी थंड निघाली, तर दोष मशिनचा नसून जागेचा. पावसाळ्यात कॉइलखाली पाणी ठिबकताना दिसलं तर घाबरू नका. हवेतली वाफ तिथे द्रव होते आणि जाताना आपली उष्णता देऊन जाते. दमट हवा या यंत्राला मानवते.

बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कंडेन्सरच्या आत क्षार बसतात. पाणी तेवढंच तापवायला आतलं तापमान चढवावं लागतं आणि सीओपी महिन्यागणिक थोडा थोडा उतरतो. हवेचं तापमान सारखं असतानाचे दोन आकडे ताडून पाहिले तरच हे लक्षात येतं. क्षार काढण्याचं काम एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर त्याचं वेगळं बिल येतं.

मग सेटिंग. आतलं, म्हणजे रेफ्रिजरंटचं, तापमान ६० ऐवजी ५५ पुरलं तर ३३३ ÷ ४५ चं ३२८ ÷ ४० होतं, ७.४ चं ८.२, म्हणजे ५ अंशांमागे सुमारे ११ टक्के फायदा. तरी टाकी कोमट ठेवून वीज वाचवू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन गंभीर न्यूमोनिया करतात. वृद्ध आणि आजारी माणसांना त्याचा धोका जास्त. टाकी ६० अंशांवर ठेवणं सगळ्यात सुरक्षित. सोसायटीने ५०-५५ वर ठेवायचं ठरवलंच, तर आठवड्यातून एकदा पूर्ण टाकी ६० वर नेण्याची वेळ कंट्रोलरमध्ये लावा. त्या दिवशी बॅकअप हीटर चालेल आणि सीओपी पडेल, ते चालू द्या. रुग्णालय आणि वृद्धाश्रमात मात्र ६० च्या खाली येऊच नका, आणि नळाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी कोणाच्या अंगावर कढत पडणार नाही.

नवीन मशिन घेत असाल तर सबमीटर, पाण्याचं मीटर, आत-बाहेरच्या पाइपवर थर्मामीटर घालायची जागा आणि सॅम्पलिंगचा नळ या चार गोष्टी खरेदी ऑर्डरमध्येच लिहा. पाइपांवर इन्सुलेशन चढल्यानंतर त्या बसवायला प्लंबर पुन्हा सगळं उकलतो. शेवटच्या हप्त्याचे पैसे तुमच्या गच्चीवर, तुमच्यासमोर झालेल्या टाकीच्या चाचणीनंतरच द्यायचे, हेही त्याच कागदावर असू द्या.